घोड्याचा घोळणा फुटला, तर न्यायचं कुठे? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वरातीच्या घोड्यावर घर चालवणारी माणसं आहेत. वैशाखात घोड्याच्या नाकातून रक्त आलं की सगळे म्हणतात, ऊन बाधलं. डोक्यावर पाणी मारतात, सावलीत बांधतात. रक्त थांबतं. मग काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एकाएकी धार लागते आणि घोडा उभ्याचा आडवा होतो.

दरवेळी ते ऊन नसतं. घोड्याच्या घशाच्या वर, कानाच्या मुळाशी हवेच्या दोन पिशव्या असतात. तिथे अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी धरते, आणि बहुधा मेंदूकडे जाणाऱ्या आतल्या कॅरोटिड धमनीवरच. ती धमनीची भिंत कुरतडते. असं रक्त गेलेल्या घोड्यांपैकी जवळपास निम्मे उपचाराविना मरतात. पहिलं थोडं रक्त हाच इशारा असतो.

माझ्या मामांच्या घोडीला दवाखान्यात रक्त थांबायचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. नाकातून दुर्बीण घालून बघायला हवं, असं कोणी म्हणालं नाही. घोडी गेली.

साहेब, यावर शस्त्रक्रिया आहे. धमनीत बारीक नळी घालून तारेची कॉइल किंवा फुगा बसवतात आणि धमनी बंद करतात. नुसती खालून बंद करून भागत नाही, कारण मेंदूच्या बाजूनं रक्त उलटं फिरून येतं. जखमेच्या दोन्ही अंगांना अडवावं लागतं. रक्त तुटलं की बुरशीही पुढे बहुधा आपोआप वाळते.

आणि हे आता घोडा उभा ठेवून करता येतं. डेटोमिडीनसारखं गुंगीचं औषध, मानेवर भूल, घोडा खोड्यात. याचं मोल घोडेवाल्यालाच कळेल. पूर्ण भूल दिलेला घोडा उठताना धडपडतो, पाय मोडून घेतो. धडधाकट घोड्यांतही अशा भुलेत शंभरात सुमारे एक दगावतो. रक्त गेलेल्याचं तर विचारूच नका. उभ्यानं केलं तर त्याला उचलायची यंत्रणा नको, गाद्यांची खोली नको.

पण दुर्बीण हवी, कॉइलसाठी सी-आर्म, म्हणजे काम चालू असताना आतलं दाखवणारा एक्स-रे हवा आणि सरावलेला हात हवा. चुकीची धमनी बंद झाली तर घोड्याची नजर जाऊ शकते. म्हणून हे तालुक्या-तालुक्याला द्या, असं मी म्हणत नाही. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं आहे. तिथे ही शस्त्रक्रिया कायमची मिळावी. त्यासाठी शल्यचिकित्सकांना प्रशिक्षण द्या, साहित्याला निधी द्या. केंद्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर, उंट यांच्या उद्योगासाठी ५० टक्के अनुदान आणलं, कमाल ५० लाख. घोडे वाढवायला पैसा आहे, तर वाचवायलाही असावा.

दुसऱ्या मागणीला तर पैसाही लागत नाही. प्रत्येक दवाखान्याला आणि १९६२ या फोन क्रमांकावर बोलावता येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला एक परिपत्रक काढा: पळवलं-राबवलं नसताना घोड्याच्या नाकातून रक्त आलं, तर इंजेक्शनवर भागवू नये, त्याच दिवशी दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवावं.

तुळशीच्या लग्नानंतर आमची सराई सुरू होते. परिपत्रक त्याआधी निघावं, ही विनंती.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक घोडेवाला