तो सकाळचा मेसेज मी डिलीट केलाय

सोन्या,

परवा सकाळी तुला तो कमळाच्या फोटोचा मेसेज पाठवला होता ना, जे मिळालंय त्याबद्दल आभार माना वगैरे, तो मी डिलीट केलाय. तू वाचलास, काही बोलला नाहीस, आणि रात्री फोनवर एवढंच म्हणालास की आई मला हे असलं नको पाठवत जाऊ. बरोबर आहे तुझं. तीन महिने झाले नोकरी जाऊन, रोज कुठं ना कुठं इंटरव्ह्यू देतोयस आणि आई बसल्या जागेवरनं फुलं पाठवतेय. पुराच्या वेळी मला कुणी असला मेसेज पाठवला असता तर मी फोनच कृष्णेत टाकला असता.

पुराचं तुला सगळं माहीत नाही. २०१९ ला तू थर्ड इयरला होतास, हायवे बंद, तुला येताच आलं नाही आणि आम्ही फोनवर सगळं ठीक आहे ठीक आहे करत होतो. ठीक काही नव्हतं रे.

२००५ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, त्या वेळी दुकानात जिथवर आलं तिथं पप्पांनी भिंतीत खिळा मारून ठेवलेला, ज्याला आपण कॅलेंडर अडकवायचो तोच. तर २०१९ ला पाणी वाढायला लागल्यावर पप्पा म्हणाले खिळ्याच्या वर हातभर माल ठेवला की झालं. आख्ख्या पेठेनं हाच हिशोब केलेला. साखर, तूरडाळ, शेंगदाणे, हळद, सगळी पोती वर चढवली, कंबर मोडली नुसती. आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. धोक्याची पातळी ४५ ची. वरच्या खोलीतनं जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलो होतो आम्ही, एक गेली, दुसरी गेली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ गावात बोट उलटून माणसं गेली ती बातमी कळली आणि पप्पा बोटीत बसायलाच तयार होईनात. शेवटी एक जवान आला, तुझ्याच वयाचा पोरगा, मराठी येत नव्हतं त्याला, त्यानं पप्पांचा हात धरला आणि सोडलाच नाही विश्रामबागच्या बाजूला उतरेपर्यंत. मी नाव पण विचारलं नाही त्याचं, रडत होते ना मी. अजून वाईट वाटतं त्याचं.

पाणी ओसरल्यावर परत आलो तो वास मी लिहून सांगू शकत नाही. डाळ आंबलेली, साखरेचा चिखल, मेलेले उंदीर. आणि उधारीची वही, म्हणजे पप्पांचं सगळं देणंघेणं, तिचा नुसता लगदा. दीड लाखाच्या आसपास उधारी होती लोकांकडं. काही जण स्वतःहून आले की आमचे एवढे राहिलेत लिहून घ्या, त्यांची स्वतःची घरं बुडालेली असताना. काही आलेच नाहीत आणि आता रस्त्यात दिसले की पलीकडनं जातात, ते पण खरंच आहे, सगळेच देव नसतात.

तर पप्पांनी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर काय लिहावं त्यांना सुचेना, म्हणून मी घेतली आणि आपल्याला कुणी काय दिलं ते लिहायला लागले. उधारीच म्हण की, फक्त आपल्यावरची. समोरच्या भाभींनी चार दिवस दोन्ही वेळचा डबा दिला, १२ ऑगस्टला बकरी ईद होती त्यांची, त्या दिवशी पण आधी आपला डबा आला. एक टेम्पोवाला भाडं न घेता गेला. बाहेरगावच्या पालिकेचे सफाई कामगार आले होते, फाटक्या गमबुटात दिवसभर आपल्या गल्लीतला गाळ उपसला आणि मागितला काय तर चहा. जतकडनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आली पोत्यातनं, आणि त्या जतला त्याच वेळी प्यायच्या पाण्याचे टँकर चालू होते. एकाच जिल्ह्यात आम्ही बुडालेलो आणि ती माणसं कोरडी, आणि भाकरी तिकडनं इकडं. ती भाकरी वाळून कडक झालेली, पप्पांनी चहात बुडवून खाल्ली आणि पहिल्यांदा रडले.

मदतीच्या पाकिटावर फोटो छापणाऱ्यांची नावं वहीत नाहीत. नुकसानभरपाईसाठी पप्पांना किती हेलपाटे घालावे लागले ते पण आभार मानायच्या खात्यात नाही, त्याचा राग मला आजही आहे आणि तो मी सोडणार नाही. लोकं म्हणतात ना पुरानं खूप शिकवलं, आम्हाला काही शिकायचं नव्हतं, माल विकायचा होता.

पण ती वही रोज लिहिली, महिना सव्वा महिना. मन शांत झालं वगैरे काही नाही, झोप तर येतच नव्हती. एवढंच व्हायचं की रात्री पडल्यावर काय काय गेलं ते मोजण्याऐवजी उद्या कुणाचा डबा परत द्यायचाय, रिकामा कसा द्यायचा, त्यात काय घालायचं हे डोक्यात चालायचं. मग पुढं दुकान सुरू झालं आणि लिहिणं राहून गेलं. २०२१ ला परत पाणी ५५ च्या आसपास आलं तेव्हा सगळ्यात आधी ती वही माळ्यावर नेली मी, पप्पा ओरडत होते, आधी शेंगदाण्याचं पोतं उचल म्हणून.

म्हणून तुला आभार मान, पॉझिटिव्ह राहा असलं काही सांगत नाही. त्या कंपनीनं सकाळी मीटिंग घेऊन दुपारी लॅपटॉप काढून घेतला त्यांचे कसले आभार. चिडायचं तेवढं चीड, माझ्यावर पण चीड. फक्त मला एवढं कळव की तुझ्या वाट्याचं भाडं सध्या कोण भरतंय, तुझ्या रूमवरचा तो पोरगाच का? मेसच्या काकू दोन महिने थांबल्यात असं तू बोलता बोलता म्हणालास आणि विषय बदललास. आणि कुणीतरी तुझा रेझ्युमे त्याच्या ऑफिसात दिलाय ना, तो कोण?

उद्याच्या गाडीनं भडंग पाठवतेय, तीन डबे. मोठा काकूंचा, त्यांना तिखट चालतं का माहीत नाही म्हणून कमी तिखट केलाय. स्टीलचा रूमवर. छोटा त्या रेझ्युमेवाल्याला नेऊन दे, स्वतः जा, पार्सलनं नको पाठवू. तिघांची नावं मला टाइप करून पाठव, वहीत मागं बरीच पानं कोरी आहेत. आणि स्टीलचा डबा परत आण, तो भाभींचा आहे, अजून माझ्याकडंच राहिलाय.

तुझी आई