बाल्टिमोरच्या आमच्या डॉकना

आदरणीय डॉक,

सादर नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला ते समोर बसून इंग्रजीत वाचून दाखवणारच आहे, पण आधी ते माझ्या माणसांनी वाचावं असं मला फार वाटतं. सांगली जिल्ह्यातून अमेरिकेत आलेली मी बाल्टिमोरच्या पश्चिम भागातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते, एवढं आमच्या नातेवाइकांना ठाऊक आहे. त्या शाळेत कोण शिकतं आणि दर शनिवारी सकाळी सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त इंजिनियर तिथे येऊन काय करतात, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. येत्या जूनमध्ये तुम्ही मुलीकडे अटलांटाला राहायला जाताय. त्याआधी मला हे चारचौघांत, मोठ्याने सांगायचंय: आमच्या शाळेची जी कृष्णवर्णीय मुलं आज सायन्सच्या आणि इंजिनियरिंगच्या डिगरीला आहेत, त्यांच्यामागे तुम्ही आहात. त्यांच्या वतीने, त्यांच्या आईवडिलांच्या वतीने आणि माझ्या स्वतःच्या वतीने तुमचे मनापासून आभार.

एखाद्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचं नाव सांगा म्हटलं, तर मराठी वाचणारा कोणीही क्षणात ‘कार्व्हर’ म्हणेल. आमच्या कितीतरी घरांत मुलं त्यांचं चरित्र वाचत मोठी झालीत. कॅन्ससमधल्या हायलंडच्या कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि पोरगा दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा रंग पाहून त्याला परत पाठवलं, तो प्रसंग वाचून मीही रडले होते. पण कार्व्हर १९४३ साली गेले. पुढची गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नाही. मला ती तुम्ही सांगितलीत, आणि तीही याच शहरातली.

बाल्टिमोर पॉलिटेक्निक हे इथलं सरकारी हायस्कूल, तेव्हा फक्त मुलांचं. तिथल्या ‘ए कोर्स’चं एवढं वजन होतं की तो पुरा केलेल्या मुलाला काही इंजिनियरिंग कॉलेजं थेट दुसऱ्या वर्षात घेत. कृष्णवर्णीय मुलांना तिथे मज्जाव होता. १९५२ साली हा प्रश्न शहराच्या शाळा मंडळापुढे आला, तेव्हा एक पर्याय पुढे आला: हाच कोर्स कृष्णवर्णीयांच्या शाळेत वेगळा सुरू करू. मुलांच्या बाजूने बोलणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. वर्ग नवा बांधता येईल, पुस्तकंही तीच आणता येतील, पण त्या कोर्सचं नाव आणि कॉलेजांतली पत कुठून आणणार, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. मंडळाला तो पटला आणि त्याच सप्टेंबरात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी पॉलीत बसले. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल त्यानंतर दोन वर्षांनी, १९५४ साली लागला.

तुम्ही त्याच शाळेत बारा-तेरा वर्षांनी गेलात. ही हकिगत तुम्ही मुलांना सांगता तेव्हा विजयाच्या सुरात सांगत नाही, हे मी दर वेळी पाहिलंय. तुम्ही म्हणता, दार उघडलं ते चांगलंच झालं, पण आत गेल्यावर माझ्या शेजारी बसून गणित सोडवायला कोणी नव्हतं. अडलं की मी एकटाच अडायचो. तुमच्या शनिवारच्या वर्गाचा एकमेव कायदा त्यातूनच आलाय: इथे कोणीही एकट्याने अडून बसायचं नाही.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय. आपल्याच काही मंडळींकडून, गणपतीच्या जेवणावळीत, दिवाळीच्या फराळाला, मी एक वाक्य कितीदा तरी ऐकलंय: ‘त्या मुलांना शिकायचंच नसतं, घरात वातावरण नाही.’ ऐकून अंगाचा तिळपापड होतो. बर्कलेच्या विद्यापीठातही १९७० च्या दशकात कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांबद्दल असाच समज होता. यूरी ट्राइजमन तेव्हा तिथे संशोधन करणारा विद्यार्थी होता. तो या मुलांच्या मागेमागे हिंडला, ती कुठे, कशी, किती अभ्यास करतात ते पाहिलं. मुलं कष्टाळू निघाली, घरची माणसं पाठीशी उभी होती. फरक एवढाच होता की ही मुलं खोलीत एकेकटी अभ्यास करत, आणि त्याच वर्गातली चिनी वंशाची मुलं रात्री एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत. मग ट्राइजमनने मुलांना एकत्र बसवलं आणि नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. सोपी गणितं देऊन कोणाची कीव केली नाही. मुलं पुढे निघाली. तुम्हाला हे संशोधन माहीत होतं की अनुभवानेच कळलं होतं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, पण शनिवारी तुमच्या वर्गात मी तेच घडताना पाहत आलेय.

२०२४ च्या मार्चमधला तो शनिवार मला जन्मभर पुरेल. २६ मार्चच्या पहाटे ‘डाली’ हे मालवाहू जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल पाण्यात गेला. पुलावर रस्त्याची डागडुजी करणारे सहा मजूर गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. माझ्या गावाकडून फोनावर फोन येत होते. शनिवारी मुलं आली ती एकदम गप्प. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे आईवडील कामाला त्या पुलावरून जायचे.

तुम्ही आधी त्या सहा जणांसाठी सगळ्यांना उभं केलंत. मग फळ्यावर आडवा ट्रस, म्हणजे पुलाचा त्रिकोणांनी जोडलेला सांगाडा, काढलात आणि एकच प्रश्न टाकलात: धक्का एका खांबाला बसला, मग बाजूचे गाळे का पडले? अर्धा तास कोणी काही बोललं तर चूकच बोललं, आणि तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत. अखेर मागच्या बाकावरची अकरावीतली एक मुलगी फळ्यापाशी आली आणि तिने बोटाने एक खांब पुसून टाकला. गाळे एकमेकांपासून सुटे नाहीत, सलग आहेत, म्हणजे मधल्याचा आधार गेला की तो शेजारच्यालाही ओढणार, असं ती हळूहळू, अडखळत बोलली. तुम्ही फक्त म्हणालात, ‘आता हेच बाकीच्यांना पटवून दे.’

मग दुसऱ्या एकाने विचारलं, जहाज तर केवढं हळू होतं, मी सायकलवर त्याच्या पुढे जाईन. वेग साडेसहा नॉट, म्हणजे ताशी बारा किलोमीटर. वजन एक लाख टनांहून जास्त. ‘काढा ऊर्जा’, तुम्ही म्हणालात. चार-चार जणांचे गट बसले. वेग मीटरमध्ये आणताना एका गटाची गल्लत झाली, ती शेजारच्या गटाने पकडली. उत्तर साठ कोटी ज्यूलच्या आसपास आलं आणि त्या आकड्याचा कोणालाच अंदाज येईना. तेव्हा तुम्ही तीस टनांचा ट्रक ताशी शंभर किलोमीटरने धाववलात आणि असे किती ट्रक लागतील ते विचारलंत. पन्नासाहून जास्त! एकाच वेळी, एकाच खांबावर. तो आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्गात जो आवाज झाला, तो मी गणिताच्या तासाला कधी ऐकला नव्हता.

खांब पुसणारी ती मुलगी आज मॉर्गन स्टेट विद्यापीठात सिव्हिल इंजिनियरिंग शिकतेय. तिच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच.

पण ती तिथवर पोचली ती केवळ त्या शनिवारच्या जोरावर नव्हे, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. इथल्या हायस्कुलात गणिताचे विषय एकापुढे एक उभे असतात: बीजगणित एक, भूमिती, बीजगणित दोन, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. पहिलं बीजगणित आठवीत झालं तर बारावीत कॅल्क्युलस मिळतं. नववीत झालं तर मिळत नाही, आणि मग इंजिनियरिंगला अर्ज करताना मूल आधीच एक वर्ष मागे असतं. तेरा वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार? ज्यांच्या घरात इंजिनियर आहेत त्यांना हे आपोआप कळतं. आमच्या मुलांना तुम्ही सांगितलंत. नववीला येणाऱ्या प्रत्येकाचं वेळापत्रक तुम्ही मागून घेता, त्यावर लाल पेनाने खुणा करता आणि ऑफिसात जाऊन शांतपणे बसून राहता. उन्हाळ्यात भूमिती करून एक वर्ष भरून काढता येतं, हे मार्गदर्शन करणाऱ्यांनाही कित्येकदा तुम्हीच दाखवून दिलंत. या मुलीचं वर्ष तसंच भरून निघालं.

आणि तो फॅफ्सा! माझ्या मराठी वाचकांसाठी सांगते, सरकारी शिष्यवृत्ती आणि कर्जासाठी प्रत्येकाला भरावा लागणारा हा फॉर्म. तो भरला नाही तर पेल ग्रँट, म्हणजे गरजू मुलांना मिळणारं सरकारी अनुदान, नाही, आणि पेल ग्रँट नाही तर आमच्यातल्या बहुतेकांना कॉलेज नाही. २०२३ च्या डिसेंबरअखेर त्याचं नवं रूप आलं, तेही उशिरा आणि अडखळत. पान मध्येच बंद पडायचं, भरलेलं सगळं पुसलं जायचं. नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करून आलेल्या आया डोळे चोळत शाळेच्या लायब्ररीत बसलेल्या, आणि तुम्ही त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात करताय. कराचे कागद, सह्या, पासवर्ड, सगळं. गुरुत्वाकर्षण शिकवणारे पुष्कळ असतात. रात्रपाळीहून आलेल्या बाईचा पासवर्ड तिसऱ्यांदा बदलून देताना आवाज न चढवणारा माणूस मी एकच पाहिलाय.

मुलांना तुम्ही एकाच दिवसात बाल्टिमोरजवळचं ओएला गाव आणि यूएमबीसी, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटी शाखा, असं दोन्हीकडे नेलंत, त्याबद्दलही आभार मानायचे आहेत. ओएलाला बेंजामिन बॅनेकर या कृष्णवर्णीय खगोल-गणितज्ञाची जागा दाखवलीत. याच परिसरात १७३१ साली जन्मलेल्या या माणसाने एक खिशातलं घड्याळ न्याहाळून त्याबरहुकूम लाकडाची चाकं कोरली आणि ठोके देणारं घड्याळ बनवलं. पुढे ग्रहताऱ्यांची गणितं मांडून पंचांगं छापली. पोरं आधी कंटाळली होती, पण चाकांच्या लाकडी दातांची गोष्ट निघाल्यावर एकाने विचारलं, पावसाळ्यात लाकूड फुगलं तर वेळ चुकेल ना? तुमचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

तिथून थोड्याच अंतरावर यूएमबीसी. १९८८ साली रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ या दांपत्याच्या देणगीतून, फ्रीमन ह्रबाव्स्की यांच्या पुढाकाराने तिथे कृष्णवर्णीय मुलांना सायन्स-इंजिनियरिंगमध्ये पुढे नेणारा मायरहॉफ स्कॉलर्स कार्यक्रम उभा राहिला आणि पुढच्या वर्षी १९ कृष्णवर्णीय मुलांची पहिली तुकडी आली. ह्रबाव्स्की स्वतः गणिताचे. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये मुलांनी काढलेल्या मोर्चात ते बारा वर्षांचे असताना तुरुंगात गेले होते. त्यांच्या कार्यक्रमाचा कणाही तोच, एकत्र अभ्यास, वर्ग सुरू होण्याआधीची उन्हाळी शाळा आणि सुरुवातीपासून प्रयोगशाळेत काम. किझमेकिया कॉर्बेट तिथूनच शिकून निघाल्या. कोविडवरची मॉडर्नाची लस घडवणाऱ्या संशोधनात त्या आघाडीवर होत्या. त्यांची सुरुवात हायस्कूलमध्ये असताना, उन्हाळ्याच्या सुटीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाली, हे तुम्ही आमच्या दहावीच्या पोरींना सांगितलंत, आणि त्याच आठवड्यात तसल्या उन्हाळी कामांचे अर्ज छापून आणलेत.

२०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेणं बंद केलं. पुढच्या वर्षी एमआयटीच्या नव्या तुकडीत कृष्णवर्णीय विद्यार्थी ५ टक्के होते, त्याआधीच्या काही वर्षांत ते सरासरी १३ टक्के असत. आमच्या एका हुशार मुलाने ती बातमी तुमच्यापुढे धरली आणि म्हणाला, मग अर्ज कशाला करू? तुम्ही त्याला खोटा धीर दिला नाहीत. निकाल अन्यायाचा आहे असं मला वाटतं, हे सरळ सांगितलंत. मग त्याच्यासोबत बसून एमआयटीसकट सगळ्या अर्जांची यादी केलीत. एमआयटीने त्याला घेतलं नाही. यूएमबीसीत तो आज मेकॅनिकल शिकतोय, आणि सुटीत शनिवारी आमच्या नववीच्या पोरांना शिकवायला येतो.

माझ्या स्वतःबद्दल थोडं. मी रयतच्या शाळेत शिकले. आमच्या गावात पोरीला अवघड गणित घालणारे गुरुजी मिळाले म्हणून मी इथवर आले. परदेशात, दुसऱ्यांच्या मुलांसमोर उभं राहताना तोच विश्वास कसा द्यायचा, ते मी तुमच्याकडून शिकले. आता माझ्या रोजच्या तासालाही बाकं गटाने मांडलेली असतात आणि फळ्यावरचं पहिलं गणित अवघड असतं.

तुम्ही गेल्यावर शनिवारचा वर्ग बंद पडणार नाही. मुख्याध्यापकांनी खोली आपल्याकडे ठेवायला होकार दिलाय. इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकी दोघे इंजिनियर, नवराबायको, सप्टेंबरपासून यायचं म्हणतायत. त्यांना मी तुमचा कायदा सांगितलाय. नववीच्या वेळापत्रकांवर खुणा करायला ऑगस्टमध्ये तुम्ही फोनवर हवे आहात, ते टाळायचं नाही. लाल पेन मी आणून ठेवलंय.

तुमची,
शाळेतली गणिताची बाई