सांभाळणाऱ्या मावशींच्या पगाराचं आधी बोला

मे 2021

संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात मुलं सांभाळायला येणाऱ्या बायकांवरून दोन पत्रं आली होती. एकांचं म्हणणं की 1 जूनपर्यंत कोरोनाचे निर्बंध आहेतच तर सोसायट्यांनी सगळ्या बायकांना गेटवरच थांबवावं, दुसऱ्यांचं म्हणणं की त्यांनाही पोट आहे, येऊ द्या. दोन्ही वाचली आणि दोन्हीत पगाराचा शब्द नाही. ती आली नाही तर महिन्याच्या शेवटी तिला पैसे मिळणार का हे आधी सांगा ना, मग यावं की नाही यावर बोलू. पगार कापला जाणार असेल तर ती ताप अंगावर काढून पण येणार, आणि आपण म्हणणार बघा, तिलाच यायचं असतं.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, राहते डोंबिवलीला, शाखा दादरला. बँका लॉकडाऊनमध्ये बंद नव्हत्याच, गेल्या वर्षी एप्रिल ते जून जनधन खात्यात बायकांचे 500-500 रुपये आले तेव्हा काउंटरला ज्या लाईनी लागल्या त्यात निम्म्या धुणंभांडी नाहीतर मुलं सांभाळणाऱ्याच असाव्यात असं मला त्यांच्या बोलण्यावरून वाटायचं. नवऱ्याचं घरून काम आहे पण सकाळी कॉल सुरू झाले की तो घरात असून नसल्यासारखा, सासूबाईंना शुगर आहे आणि मुलगा अडीच वर्षांचा. पाळणाघर गेल्या मार्चपासून बंद. तेव्हा मावशी आल्याशिवाय मी दादरला पोचू शकत नाही, इतकं साधं आहे हे.

आता सरकारने हे कसं बघितलं ते सांगते. लॉकडाऊनमध्ये सामान्यांना लोकल बंद होती, गेल्या जुलैपासून आम्हा बँकवाल्यांना आयकार्डावर लोकलमध्ये घ्यायला लागले. मावशी अंबरनाथला राहतात, त्यांना काही लोकल नाही, कारण त्या अत्यावश्यक सेवेच्या कुठल्याच यादीत बसत नाहीत. मग 21 ऑक्टोबरला सगळ्या बायकांना परवानगी मिळाली पण ती सकाळी 11 ते 3 आणि संध्याकाळी 7 नंतर, म्हणजे मी 8 ची लोकल पकडायची आणि माझ्या मुलाला बघणारीने 11 नंतर घरून निघायचं! तोपर्यंत मुलाने काय करायचं हे त्या वेळापत्रकात कोणी धरलंच नव्हतं. फेब्रुवारीत जरा सुरळीत झालं तर या 22 एप्रिलपासून पुन्हा सामान्यांना लोकल बंद, बायकांची सवलत पण गेली, आता रिक्षा बदलत बदलत, एका रिक्षात दोनच पॅसेंजर म्हणून भाडं जास्त, आणि ते भाडं बहुतेक घरं देत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की ज्या घरातले लोक हॉस्पिटलात, बँकेत, पोलिसात, वीज मंडळात, पाणीपुरवठ्यात कामाला जातात त्यांची मुलं सांभाळणाऱ्या बायकांनी काम चालू ठेवावं, आणि त्यांना प्रवासात आणि लसीत आमच्याच बरोबरीने धरावं. नर्स ड्युटीवर हवी पण तिचं बाळ बघणारी रस्त्यावर दिसायला नको, हे कसं चालेल? बाकीच्यांनी, म्हणजे दोघंही घरून काम करणाऱ्यांनी, लाट जोरात आहे तेवढे आठवडे मावशींना पूर्ण पगार देऊन घरी बसवावं. लॅपटॉप मांडीवर आणि पोरगं पाठीवर हे किती अवघड असतं ते मी रोज संध्याकाळी नवऱ्याच्या तोंडावर बघते, त्यामुळे हसू नका, सहज सांगत नाहीये. पण अवघड वेगळं आणि अशक्य वेगळं.

भांडीवाल्या बाईंचं आणि मुलं सांभाळणाऱ्या मावशींचं एकाच नोटिशीत लिहितात ते पण मला पटत नाही. भांडी खिडकी उघडी ठेवून, मास्क लावून, वीस मिनिटांत होतात, तेवढा वेळ आपण बेडरूममध्ये बसू शकतो. लहान मुलाला सांभाळणं म्हणजे त्याला कडेवर घेणं, भरवणं, शी धुणं, दुपारी थोपटून झोपवणं. 'दो गज की दूरी' कुठून आणणार? मावशी मास्क लावतात तर हा तो ओढतो, आणि एवढ्याशा मुलाला मास्क लावायला डॉक्टरच सांगत नाहीत. म्हणजे आमच्या घरात कोणाला झाला तर सगळ्यात आधी धोका मावशींना, आणि त्यांच्याकडे झाला तर आधी मुलाला. दोन्ही बाजूंनी सारखंच आहे, पण गेटवर थर्मामीटर एकाच बाजूच्या कपाळाला लावतात. आमच्या सोसायटीत बायकांचं टेम्परेचर, ऑक्सिजन, वहीत सही, लिफ्ट वापरायची नाही, चार मजले जिन्याने. गाडीतून येणाऱ्यांसाठी वॉचमन नुसता सलाम करून गेट उघडतो. महाराष्ट्रात पहिले दोन पेशंट 9 मार्च 2020 ला पुण्यात सापडले ते दुबईहून फिरून आलेले होते, लोक हे सोयीने विसरतात.

मावशींनी सांगितलेली एक गोष्ट. त्यांच्या ओळखीची एक बाई जिथे बाळ सांभाळते त्या घरात आजोबांना ताप होता, टेस्ट दिलेली होती, पण रिपोर्ट येईपर्यंत बाईला कोणी काही बोललं नाही कारण ती यायची थांबली असती. रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर तिला फोनवर सांगितलं की चौदा दिवस येऊ नकोस, आणि त्या चौदा दिवसांचे पैसे कापले!! तिच्या घरी एका खोलीत पाच माणसं, आयसोलेशन कुठे करणार ती. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही, हा सरळ स्वार्थ आहे. आपल्या घरी कोणाला ताप आला तर मावशी घरून निघायच्या आत त्यांना फोन गेला पाहिजे आणि क्वारंटाइनचे दिवस भरपगारी असले पाहिजेत. कामाला लागतानाच हे ठरवून घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून द्या.

काही घरांनी वेगळा उपाय काढलाय, चोवीस तास राहायलाच या म्हणून, म्हणजे बाहेरचा संपर्क नको. ऐकायला बरं वाटतं. पण मावशींची मुलगी सातवीत आहे, घरात स्मार्टफोन एकच, तो मावशींबरोबर डोंबिवलीला येतो त्यामुळे तिची ऑनलाइन शाळा संध्याकाळी मावशी घरी पोचल्यावर, व्हॉट्सअॅपवर आलेला अभ्यास बघून. दुसऱ्याचं मूल बघायला स्वतःच्या मुलांना महिना महिना सोडून या म्हणायचं आणि वर जेवण फुकट आहे असं सांगायचं, हे मला तरी जमणार नाही.

पगाराबद्दल सरकार काय म्हणालं तर केंद्राच्या गृह खात्याने 29 मार्च 2020 ला लॉकडाऊनमध्ये पगार कापू नका असा आदेश काढला होता पण तो कारखाने, दुकानं, व्यावसायिक आस्थापना यांना, घरं त्यात नव्हतीच, आणि 18 मे पासून तो पण मागे घेतला. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते, तिथे पहिल्या लॉकडाऊनमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या नॅनीला घरी बसवलं तर सरकार पगाराच्या 80 टक्के देत होतं, महिन्याला 2500 पौंडापर्यंत, फक्त तिचा पगार रीतसर टॅक्सखात्यात नोंदवलेला हवा. रोख पैशावर काम करणारीला त्यात काही मिळालं नसणार, त्यामुळे तिकडे सगळं छान असं मी म्हणत नाही. पण नोंद होती म्हणून मदत पोचली.

आपल्याकडे तर 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. गेल्या महिन्यात मुख्यमंत्र्यांनी नोंदणी असलेल्या घरकामगारांना 1500 रुपये जाहीर केले ते त्याच मंडळाकडच्या नोंदणीवर. मावशींची नोंदणी नाही, त्यांच्या चाळीत काम करणाऱ्या कोणाचीच नाही म्हणाल्या. नोंदणीसाठी कामाचा दाखला लिहून द्या म्हटलं की घरमालकांना वाटतं उद्या कोर्टात खेचेल. अहो, साधा कागद आहे तो, काय होणार आहे. 1500 मध्ये घर चालत नाही हे खरं, पण ते सुद्धा हातचे जातायत आणि कारण आपण सही केली नाही हे.

लसीचं तर विचारूच नका. मावशी 38 वर्षांच्या, म्हणजे 45 च्या वरच्यांच्या लसीकरणात बसत नाहीत. 1 मे पासून 18 च्या वरच्यांना सुरू झालं तर आधी ॲपवर स्लॉट घ्यायचा, मी रोज संध्याकाळी माझ्या फोनवरून त्यांच्यासाठी बघायचे, उघडेपर्यंत संपलेला. आता तर 18 ते 44 चं राज्याने थांबवलंच आहे कारण 45 वरच्यांच्या दुसऱ्या डोसला पुरत नाही, ते कारण मला मान्य आहे. पण परत सुरू कराल तेव्हा लहान मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळायला घरोघरी जाणाऱ्या बायकांना ॲप न मागता, आधार कार्डावर, आधी द्या. महापालिकेने वॉर्डात एक दिवस त्यांच्यासाठी ठेवला तरी चालेल, रविवारी ठेवा, त्या दिवशी बऱ्याच जणींना सुट्टी असते.

तुमच्याकडून एक हवंय. घरेलू कामगार म्हणून नोंदणी कल्याण-डोंबिवली भागात नक्की कुठे होते, कुठले कागद लागतात, दाखल्याचा नमुना कसा असतो, हे ठाणे पुरवणीत एकदा मोठ्या अक्षरात छापा. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डवर मी स्वतः लावीन, बायकांना जिन्याने जायला सांगणाऱ्या नोटिशीच्या शेजारी.

आपली,
एक बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)