पाळण्याआधीची तजवीज

वडगाव, बेळगाव
दि. १८ जानेवारी २०२६

प्रिय मित्र विनायक यास,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र तिळगुळाच्या पुडीसह संक्रांतीनंतर दोन दिवसांनी पोचले. पुडी आमच्या कन्येने त्याच संध्याकाळी संपवली आणि पत्र मी तीनदा वाचले. येत्या दीड-दोन वर्षांत घरात पाळणा हलावा अशी तुम्हा उभयतांची इच्छा आहे हे वाचून अतिशय आनंद झाला. त्याखाली तू दोनच ओळींत विचारले आहेस की बाळंतपणाच्या खर्चासाठी एखादी जादा पॉलिसी काढावी काय, आणि काढली तर कोणती. प्रश्न दोन ओळींचा असला तरी उत्तर तेवढ्यात मावणार नाही, कारण या विषयातले माझे सगळे शहाणपण चार वर्षांपूर्वी उशिरा आलेले आहे, आणि त्याची किंमत मी नव्हे तर दुसऱ्याच माणसाने मोजलेली आहे.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरचे. बेळगाव-खानापुरातल्या कितीतरी सुना चंदगड, आजरा, गडहिंग्लज या बाजूच्या असल्यामुळे सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की लेक राज्याची सीमा ओलांडून माहेरी जाते आणि तिच्याबरोबर दवाखान्याचा खर्चही गुपचूप सासऱ्यांच्या दारात जाऊन बसतो. त्यामुळे बाळंतपणाला किती पैसे लागतात आणि ते कोठून यायचे, याचा विचार जावई सहसा करीतच नाही. मीही केला नव्हता. आमच्या फाउंड्रीच्या गटविम्यात बाळंतपण धरलेले आहे एवढे मला माहीत होते, आणि तेवढ्या माहितीवर मी निर्धास्त होतो.

२०२२ च्या जानेवारीत सौ. ला गडहिंग्लजच्या एका नर्सिंग होममध्ये दाखल केले. ऐनवेळी सिझेरियन करावे लागले आणि बिल ६८,००० रुपयांचे झाले. बाळाला श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्यामुळे तिसऱ्या दिवशी कोल्हापूरला हलवून सहा दिवस काचेच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) ठेवावे लागले, त्याचे वेगळे ४२,००० झाले. ते नर्सिंग होम आमच्या विमा कंपनीच्या यादीत नव्हते, म्हणून कॅशलेसचा प्रश्नच नव्हता. आधी भरायचे आणि मागाहून मागायचे. सासऱ्यांनी (त्यांना मी मामा म्हणतो हे तुला ठाऊक आहे) एक शब्द न बोलता दोन्ही बिले भरली. सव्वादोन महिन्यांनी विम्याचे पैसे आले ते ५०,०००, कारण सिझेरियनची मर्यादाच तेवढी होती आणि बाळाच्या उपचारांचा खर्चही त्याच मर्यादेत मोजायचा होता. पेटीचा एकही रुपया मिळाला नाही.

आता यातली खरी लाजिरवाणी बाब सांगतो. ते ५०,००० रुपये माझ्या खात्यावर जमा झाले. पॉलिसी माझ्या नोकरीची, म्हणून पैसे मला. आणि मी तर एका रिक्षाच्या भाड्यापलीकडे काहीच खर्च केलेला नव्हता. मी ती रक्कम घेऊन गडहिंग्लजला गेलो तेव्हा मामांनी हात मागे घेतला आणि बाळंतपणाचे पैसे जावयाकडून घ्यायचे नसतात असे म्हणाले. मी ते पैसे मुलीच्या नावे सुकन्या समृद्धीत टाकले आणि कर्तव्य केल्यासारखा परत आलो. दुसऱ्या वर्षी मेहुणा बोलता बोलता म्हणाला की त्या हंगामाचे ऊसबिल मामांच्या हाती आलेच नाही, सोसायटीने कर्जापोटी परस्पर वळते करून घेतले. ते कर्ज कशाचे, हे मी त्याला विचारले नाही. विचारायची गरज नव्हती.

म्हणून पॉलिसी कोणती या तुझ्या प्रश्नाआधी माझा प्रश्न असा आहे की हा खर्च कोणाचा, हे तू वहिनींच्या वडिलांशी बोलला आहेस काय? वहिनींचे माहेरही गडहिंग्लजचेच, तेव्हा बाळंतपण तिकडे खुशाल होऊ दे, आईच्या हातचा शेक आणि डिंकाचे लाडू यांना पर्याय नाही. पण दवाखान्याचे बिल तुझ्या नावावर राहू दे. ते आधी ठरले तरच पुढचा सगळा हिशोब नीट मांडता येतो.

पत्रात तू ओघाने लिहिले आहेस की वहिनींच्या १८,००० पगारातून दरमहा १३५ रुपये कशाचे कापतात ते समजत नाही. अरे, ते ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे आहेत! वेतनाच्या ०.७५ टक्के कामगाराचे आणि ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ रुपये, मालकाचे. उद्यमबागेतल्या त्यांच्या कारखान्यात ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे त्या सगळ्यांचे ते कापले जात असणार. तू बाहेर जी पॉलिसी शोधतो आहेस तिचा मोठा भाग वहिनींच्या नावावर आधीच चालू आहे. मागच्या दोन अंशदान-कालावधींत (अंशदान म्हणजे हीच वर्गणी; एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे हे सहा-सहा महिने असतात) मिळून ७० दिवसांचे अंशदान भरले गेलेले असले, तर बाळंतपणासाठी २६ आठवडे पूर्ण सरासरी वेतन मिळते आणि त्यांपैकी ८ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. १८,००० पगारावर ही रक्कम लाखाच्या वर जाते. कोणताही खाजगी विमा बुडालेल्या पगाराची अशी भरपाई देताना मी पाहिलेला नाही. शिवाय ईएसआयच्या दवाखान्यात बाळंतपण केले तर उपचारांचे बिलच होत नाही. अडचण एवढीच की वहिनी गडहिंग्लजच्या खाजगी नर्सिंग होममध्ये गेल्या तर तिथले बिल ईएसआय भरील असे समजू नकोस. पगार ईएसआयकडून आणि दवाखान्याचे बिल दुसरीकडून, अशी तुझ्या घरची विभागणी होईल, आणि जादा विमा हवा असेल तर तो या दुसऱ्या भागापुरता.

आता त्या दुसऱ्या भागाकडे वळतो. साध्या आरोग्य विम्यात बाळंतपण नसते हे प्रथम पक्के ध्यानात घे. ‘आरोग्य संजीवनी’ नावाची जी प्रमाणित पॉलिसी सगळीकडे सारख्या अटींवर मिळते, तिच्यातही ते वगळलेले आहे. वगळण्याचा हा ठरावीक मजकूर सिझेरियनलाही लागू असतो आणि अपघाताने न झालेल्या गर्भपातालाही. गर्भ गर्भाशयाबाहेर राहिला तर तेवढा अपवाद असतो. ठरावीक रकमेच्या वरचाच खर्च देणाऱ्या सुपर टॉप-अप पॉलिसीचेही तसेच. तीन लाखांच्या वरचा खर्च देणाऱ्या पॉलिसीपर्यंत बाळंतपणाचे बिल सहसा पोचतच नाही, आणि पोचले तरी बहुतेक ठिकाणी बाळंतपण वगळलेलेच असते. बाळंतपणाचे कलम असलेली पॉलिसी मुद्दाम मागून घ्यावी लागते. तिचा हप्ता जास्त असतो, तिच्यात बाळंतपणापुरती वेगळी मर्यादा असते आणि प्रतीक्षेची मुदत असते, म्हणजे तेवढा काळ लोटेपर्यंत हा खर्च मिळत नाही. ही मुदत बऱ्याच ठिकाणी दोन किंवा तीन वर्षांची असते; काही महागड्या पॉलिसींत नऊ महिन्यांचीही मिळते. तुमचा मानस दीड-दोन वर्षांचा असेल तर तीन वर्षांच्या मुदतीची पॉलिसी पहिल्या बाळाच्या कामाची नाही, एजंट काहीही म्हणो. ही मुदत गर्भ राहताना पूर्ण झालेली हवी की बाळंतपणाच्या दिवशी, हे पॉलिसीगणिक बदलते, तेव्हा ते लेखी विचारून घे.

एजंटवरून आठवले. सौ. ला तिसरा महिना चालू असताना माझ्याच एका मावसभावाने मला हॉस्पिटल कॅश नावाची पॉलिसी विकली. दवाखान्यात राहशील तितके दिवस रोज हजार रुपये मिळतील, बाळंतपणात पाच दिवस तरी राहावेच लागते, असे त्याने समजावले आणि मी चहा पिता पिता सही केली. दावा केला तेव्हा बाळंतपण वगळल्याचे कलम पान सातवर दाखवण्यात आले. मावसभाऊ अजून दिवाळीला येतो. आम्ही तो विषय काढत नाही. गर्भ राहिल्यानंतर मिळणारी आणि त्याच बाळंतपणाचा खर्च देणारी वैयक्तिक पॉलिसी असते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नकोस, आणि गरोदरपण लपवून फॉर्म भरायला सांगितले तर त्या माणसाला दुकानाबाहेरचा रस्ता दाखव. लपवल्याचे उघड झाले तर पुढे अपेंडिक्सचा दावासुद्धा अडकेल.

मी तुझ्यासाठी थोडा हिशोब मांडून पाहिला. समज, बाळंतपणाची मर्यादा ५०,००० आहे आणि त्या कलमापोटी वर्षाला बारा-पंधरा हजार जास्त हप्ता द्यावा लागतो. दोन-अडीच वर्षांत तू पस्तीसएक हजार भरशील आणि पन्नास मिळवशील. त्याऐवजी दरमहा २,५०० आरडीत (बँकेच्या आवर्ती ठेवीत) टाकलेस, किंवा बाजारातल्या ओळखीच्या भिशीत टाकलेस, तरी २४ महिन्यांत ६०,००० मुद्दल हाताशी राहते, बाळंतपण गडहिंग्लजला होवो की बेळगावात, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नसते आणि ते मिळवायला कोणापुढे कागद नाचवावे लागत नाहीत. त्यामुळे नुसत्या नॉर्मल बाळंतपणासाठी विमा काढणे म्हणजे बव्हंशी स्वतःचेच पैसे परत घेणे आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. विम्याचा खरा उपयोग बाळासाठी. माझे जे ४२,००० गेले ते सहा दिवसांचे होते. कमी दिवसांचे बाळ महिनाभर पेटीत राहिले तर आरडी कुठल्या कुठे संपते. म्हणून पॉलिसी पाहताना बाळंतपणाची मर्यादा किती यापेक्षा नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून पूर्ण विमा रकमेचे संरक्षण आहे की ते बाळंतपणाच्याच मर्यादेत कोंबले आहे, एवढे एक कलम तू भिंग लावून वाच. अनेक पॉलिसींत बाळाला ९० दिवसांनंतरच सामील करून घेतात, आणि पेटीची वेळ तर पहिल्याच आठवड्यात येते. असे कलम असलेली पॉलिसी मिळाली तर हप्ता जास्त असला तरी घे. नाही मिळाली तर साधी कौटुंबिक पॉलिसी आणि सोबत आरडी, एवढ्यावर थांब. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलेला आहे, त्यामुळे जुने दरपत्रक कोणी दाखवले तर नवे माग. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. ते दिवस वाचनात घालव.

सीमेमुळे येणाऱ्या दोन-तीन गोष्टी आपल्याकडच्याच असल्यामुळे कोणत्याही माहितीपत्रकात नसतात. कॅशलेसची यादी बघताना बेळगावची नव्हे, गडहिंग्लज आणि कोल्हापूरची बघ. नर्सिंग होमचा नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला आहे ना हे आधीच तपास. तिकडे तो महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचा असतो. माझा दावा तीन आठवडे केवळ त्या क्रमांकासाठी अडला होता. आणि वहिनी माहेरी जाणार असल्या तरी गरोदरपणाची नोंद खानापुरात आशाताईंकडे (आशा स्वयंसेविकेकडे) वेळेवर करून तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातले माता कार्ड, घ्या. त्यावरचा मजकूर बराचसा कानडीत असला तरी तारखा आणि तपासण्या सगळीकडे सारख्याच वाचता येतात, आणि सरकारी दवाखान्यात जाण्याची वेळ आली तर तिथे सिझेरियनसह सगळे मोफत आहे, ही सोय २०११ पासूनची आहे. केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५,००० रुपये मात्र वहिनींच्या हिशोबात धरू नकोस, कारण ज्यांना कायद्याने असाच लाभ मिळतो त्यांना ते मिळत नाहीत.

तू पुढच्या शनिवारी माल घ्यायला बेळगावात येणार आहेस असे लिहिले आहेस. येताना वहिनींचे शेवटचे तीन पगारपत्रक आणि त्यांचा ईएसआय क्रमांक घेऊन ये. अंशदानाचे दिवस किती भरले आहेत ते आपण मोबाईलवर एकत्र बघू. जेवायला घरीच ये. सौ. ने सांगितले आहे की कुंदा आणू नकोस, मागच्या वेळचा अजून फ्रीजमध्ये आहे.

वहिनींना व आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
महादेव