स्टेम सेलची दुसरी बाजू पण छापा

संपादक महोदय,
स्टेम सेलची (म्हणजे जिच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशीची) बातमी आली की 'आता अवयव उगवणार' एवढंच असतं, दुसरी बाजू कोणी सांगतच नाही म्हणून हे पत्र. २००६ साली जपानच्या यामानाकांनी उंदराच्या कातडीतल्या पेशींत चार प्रोटीनचे जीन्स घातले आणि त्या परत स्टेम सेलसारख्या झाल्या, २०१२ ला नोबेल पण मिळालं. पण त्या चारातलं सी-मिक हे पेशींची वाढ करवणारं प्रोटीन कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यांच्या चांगलंच ओळखीचं, आणि पुढे अशा पेशींपासून झालेल्या काही उंदरांना ट्यूमर झालेच.

गंमत अशी की सी-मिक जास्त झालं की पेशी भराभर वाढते खरी पण मरणाच्या दारातही जाते, म्हणजे आकसते, वरून बुडबुडे येतात, डीएनएचे तुकडे पडतात आणि शेजारची पेशी तिला गिळून टाकते, सूज नाही काही नाही. गर्भात बोटांमधला पडदा असाच जातो. कॅन्सरमध्ये पेशीचं नेमकं हेच मरण अडतं, कारण बीसीएल-२ सारखं मरण रोखणारं प्रोटीन आडवं येतं. सर्व्हायव्हिन हे मरण रोखणारं दुसरं प्रोटीन तर गर्भात भरपूर, मोठेपणी बहुतेक ठिकाणी गायब आणि ट्यूमरमध्ये परत हजर!

बीसीएल-२ ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ मध्ये अमेरिकेत ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारासाठी मंजूर झालं, मला तरी अवयव उगवण्यापेक्षा हे जास्त भारी वाटतं. यावर एखादा नीट लेख छापा की, आकृत्यांसकट.

– एक नियमित वाचक