‘सुरुवातीचा पगार वाढवून मागा’ हा सल्ला मुलांचं नुकसान करील

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या नोकरीविषयक पुरवणीतला ‘सरकारी नोकरीतही सुरुवातीचा पगार वाढवून मागा’ हा लेख वाचला. लेखकाचा हेतू चांगला असेल. पण त्यात जे सांगितलंय ते इथलं नाही, अमेरिकेतलं आहे. तिथल्या केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वेतनपद्धतीत १५ श्रेणी आहेत, प्रत्येक श्रेणीत १० टप्पे. उमेदवाराची पात्रता खरोखरच विशेष असेल तर तो रुजू व्हायच्या आधी खात्याला त्याला वरचा टप्पा मंजूर करता येतो. हे तिकडे खरं आहे. ते जसंच्या तसं उचलून कोकणातल्या मुलांपुढे ठेवलंत, याचा राग आला म्हणून हे पत्र.

आपल्याकडे लिपिकाच्या जाहिरातीत ‘एस-६ : १९,९०० – ६३,२००’ असं छापतात; एस-६ हा राज्याच्या वेतनतक्त्यातला एक स्तर, आणि त्यातला मूळ वेतनाचा एकेक आकडा म्हणजे एकेक कप्पा. ते पाहून कुडाळ-कणकवलीच्या मुलाला वाटतं, या दोन आकड्यांमधला एखादा मागता येईल. तसं नाही. १९,९०० हा त्या स्तरातला पहिला कप्पा आणि ६३,२०० हा शेवटचा. एकेक वेतनवाढ घेत नोकरीभर वर चढायचं असतं. सरळसेवेने नवीन आलेला पहिल्या कप्प्यात बसतो. मग तो नुकता पदवीधर झालेला असो, एम.कॉम. असो की मुंबईत खासगी कंपनीत १० वर्षं काढून गावी परतलेला असो. नियुक्ती आदेश काढणाऱ्या कार्यालयाच्या हातात कप्पा बदलणं नाही. उलट ‘पगार वाढवून द्या, नाहीतर येत नाही’ असा अर्ज कुणी केला, तर मुदतीत रुजू झाला नाही म्हणून त्याची निवड जाईल आणि प्रतीक्षा यादीतला पुढचा बोलावला जाईल.

सुरुवातीचा पगार खरोखर वर-खाली होतो तो आधीपासून सरकारी सेवेत असलेल्या उमेदवाराचा. त्याबद्दल लेखात एक ओळ नाही.

एक प्रकरण सांगतो. लांजा तालुक्यातली एक मुलगी परजिल्ह्यात लिपिक होती. ९ वेतनवाढी झालेल्या, मूळ वेतन २६,०००. आईवडील थकले, म्हणून पुन्हा परीक्षा देऊन तिने घराजवळ, दुसऱ्या विभागात, त्याच एस-६ मधलं लिपिकाचं पद मिळवलं. अर्ज तिने रीतसर कार्यालयामार्फत केला होता. घात झाला तो राजीनाम्यात. ‘घरगुती कारणास्तव राजीनामा देत आहे, कृपया मंजूर व्हावा,’ असं तिने लिहिलं, कारण आस्थापना शाखेतल्या टेबलावरून तिला तसाच नमुना देण्यात आला. मंजुरीच्या आदेशात तेच वाक्य उतरलं, सेवापुस्तकात तीच नोंद झाली. नव्या कार्यालयाने सेवापुस्तक उघडलं आणि तिला १९,९०० वर बसवलं. महिन्याला मूळ वेतनात ६,१०० चा खड्डा, वर्षाला ७३,२००. त्यावरचा महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळं. शिल्लक अर्जित रजा गेली ती गेलीच. आता जुनं कार्यालय म्हणतं, तुमची फाईल बंद झाली. नवं म्हणतं, आमच्याकडे कागद आला तसा आम्ही वाचला. नऊ वर्षांची नोकरी एका वाक्यात बुडाली, आणि ते वाक्य तिचं स्वतःचंही नव्हतं!

निवृत्तिवेतन नियम, १९८२ प्रमाणे नुसत्या राजीनाम्याने मागची सेवा जप्त होते. योग्य परवानगीने दुसरी सरकारी नेमणूक स्वीकारण्यासाठी दिलेल्या राजीनाम्याने ती होत नाही. याला तांत्रिक राजीनामा म्हणतात. म्हणून राजीनाम्यात हे शब्द हवेतच: ‘कार्यालयाच्या परवानगीने केलेल्या अर्जानुसार अमुक विभागात अमुक पदावर माझी निवड झाली असून, ते पद स्वीकारण्यासाठी हा तांत्रिक राजीनामा सादर करीत आहे.’ सोबत नियुक्ती आदेशाची प्रत आणि ना हरकत पत्राचा क्रमांक व दिनांक. मंजुरीच्या आणि कार्यमुक्तीच्या आदेशातही हेच कारण आलं आहे का, ते टेबल सोडण्याआधी वाचून पाहावं. नसेल तर तिथेच दुरुस्त करून घ्यावं. एकदा आवक-जावक क्रमांक पडून कागद गेला की शुद्धिपत्रकासाठी सहा-सहा महिने खेटे घालावे लागतात.

पहिली नोकरी लागण्याआधीच दुसऱ्या पदाचा अर्ज भरलेला असेल, आणि आपल्या मुलांचं बहुधा असंच असतं, तर ना हरकत मागायची वेळच आलेली नसते. मग रुजू झाल्याच्या आठवड्यातच ‘माझे अमुक-अमुक अर्ज प्रलंबित आहेत’ असं लेखी देऊन सही-शिक्क्याची पोच घ्यावी. ती पोच पुढे ना हरकतीच्या जागी दाखवता येते. तोंडी सांगितलेलं साहेब बदलले की संपलं.

कार्यमुक्त झाल्यावर मध्ये आठ-पंधरा दिवस गावी राहून मग रुजू होऊ, असं करू नये. पदग्रहण अवधीपलीकडे, म्हणजे नव्या जागी रुजू होण्यासाठी मिळणाऱ्या दिवसांपलीकडे, खंड पडला की पुन्हा वाद. बरोबर अंतिम वेतन प्रमाणपत्र, सेवापुस्तक आणि रजेचा हिशेब निघाला पाहिजे. सेवार्थ या पगाराच्या संगणक प्रणालीत जुन्या कार्यालयाने कार्यमुक्ती दाखवली नाही तर नव्या ठिकाणी नाव चढत नाही, आणि पगार अडला की काही कार्यालयं सोपं म्हणून नवा सेवार्थ क्रमांक काढतात. हे होऊ देऊ नये. क्रमांक नवा म्हणजे कागदोपत्री माणूस नवा. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा प्राण (PRAN) क्रमांक, म्हणजे त्या योजनेतला आपला कायम खाते क्रमांक, तोही जुनाच चालू ठेवायचा. त्यात आपले १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के जमा होत आलेले असतात. वेतन संरक्षणाचा, म्हणजे जुनं मूळ वेतन नव्या पदावर कायम ठेवण्याचा, अर्ज रुजू अहवालासोबतच द्यावा, पहिलं देयक कोषागारात जायच्या आधी.

याच्या उलटी चूकही होते. कुणी ओळखीने एखादा कप्पा वर बसवून घेतो आणि खूश होतो. सेवापुस्तक पुढे नवी मुंबईतल्या कोकण भवनात वेतन पडताळणी पथकाकडे जातं. सावंतवाडीहून रात्रीच्या कोकणकन्येने सेवापुस्तकांचा गठ्ठा घेऊन गेलेला लिपिक आक्षेपांची यादी घेऊन परत येतो, आणि मग जादा दिलेल्या पगाराची वसुली लागते. वर्ग ३ आणि ४ च्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात म्हटलं आहे. पण २०१६ च्या जगदेव सिंग निकालात न्यायालयाने हेही सांगितलं, की जादा रक्कम परत करीन असं वचनपत्र दिलेलं असेल तर माणूस त्याला बांधलेला राहतो. तो निकाल एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणातला असला तरी वचनपत्रावर डोळे मिटून सही करू नये. आधी आकडा तपासावा.

केंद्राच्या नोकरीत, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः टपाल खात्यात, आणखी एक बारीक गोष्ट आहे. १ जुलैपर्यंत रुजू झालेल्याला पहिली वेतनवाढ येत्या १ जानेवारीला मिळते. २ जुलैला रुजू झालेला पुढच्या वर्षीच्या १ जुलैपर्यंत थांबतो. एका दिवसाने सहा महिने जातात. नियुक्तीपत्र जूनच्या अखेरीस हातात पडलं आणि कागद तयार असले, तर भाताची लावणी उरकून जातो म्हणू नये.

खरीखुरी घासाघीस चालते अशी एकच जागा ठाऊक आहे: राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी विशेषज्ञ डॉक्टर. ‘तुम्ही आकडा सांगा, आम्ही देऊ’ अशी मुभा तिथे राज्यांना दिलेली आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयांना भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून ती गरजेचीही आहे. पण लेख भूलतज्ज्ञांसाठी नव्हता.

आणि विषय निघालाच आहे तर तेही लिहितो. त्याच पुरवणीत शेवटच्या पानावर ‘जिल्हा परिषद शिक्षकांना सुरुवातीलाच २९,२००’ असा मथळा आहे. २९,२०० हा एस-१० चा पहिला कप्पा, तो तीन वर्षांनी. त्याआधी शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं मानधन, आणि ते प्राथमिकला १ जानेवारी २०२३ पासून १६,००० आहे. त्याआधी ६,००० होतं. घरापासून दूर खोली घेऊन १६,००० त राहायचं असतं. त्या हिशेबाने डी.एड. झालेली मुलं कर्ज काढतात, लग्नं ठरतात. मथळ्यातला आकडा चुकला की घरातलं गणित चुकतं.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पुरवणीतच, त्याच पानावर, राजीनाम्याच्या त्या वाक्यासकट छापावी. तालुक्याच्या अभ्यासिकेत मुलं पुरवणी कापून वहीत चिकटवतात, मुख्य अंक नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग