बालीच्या गव्हर्नरांना खुले पत्र: कमान उभी राहते, पाट बुजतो

मा. वायन कोस्टर,
गव्हर्नर, बाली प्रांत, इंडोनेशिया

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात घरांचे नकाशे करते. बालीला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल आम्ही भारतीय असतो आणि त्यांत मराठी माणसं पुष्कळ. म्हणून हे लिहिण्याचा थोडा हक्क वाटतो.

सानूरला १९६६ साली दहा मजली हॉटेल उभं राहिलं. त्यानंतर तुमच्याकडे इमारतींना १५ मीटरची, म्हणजे माडाच्या उंचीची मर्यादा आली. केलिंगकिंगच्या कड्यावरची काचेची लिफ्टही तुम्ही थांबवलीत. त्याबद्दल मनापासून आभार. पण उंचीवर नजर ठेवताना जमिनीकडे दुर्लक्ष होतं आहे.

तुमचा उंदगी, म्हणजे पारंपरिक वास्तुकार, मालकाच्या हातापावलांच्या मापाने घर आखतो. डोंगराकडच्या पूर्व कोपऱ्यात देवस्थान, समुद्राच्या अंगाला स्वयंपाकघर, मध्ये मोकळं अंगण आणि भोवती सुटे सुटे बाले, म्हणजे मंडप. त्यामुळे वारा खेळतो, पाऊस जमिनीत मुरतो. चांगूच्या नव्या व्हिलांमध्ये यातलं काय उरतं? दारात कोरीव कमान. आत अंगणाच्या जागी तलाव आणि एसीच्या बंद खोल्या. काही ठिकाणी तर भाताच्या कोठाराच्या, लुंबुंगच्या आकाराच्या खोल्या भाड्याने मिळतात, त्याही भाताचं शेत बुजवून बांधलेल्या. याला बालीची वास्तुकला म्हणणं मला पटत नाही.

शेत एकटं जात नाही. सुबाकमध्ये, म्हणजे तुमच्या शेतकऱ्यांच्या सामूहिक पाणीवाटपाच्या व्यवस्थेत, वरच्या शेतातून खालच्या शेताला पाणी मिळतं, पेरणीच्या वेळा सगळे मिळून ठरवतात. मधला एक पाट कुंपणाखाली गेला की खालची सगळी खाचरं कोरडी पडतात. आमच्या धुळ्याकडे पांझरेकाठी फड पद्धतीत गावं अशीच पाळीने पाणी घेत आली. त्यातले बरेच फड मोडले आणि एकदा मोडलेला फड पुन्हा बसवणं फार कठीण जातं. तुमच्या सुबाकना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा मानलं आहे.

माझी मागणी अशी: बांधकाम परवान्याआधी त्या भागातल्या सुबाकची लेखी संमती सक्तीची करा. नकाशा तपासताना कमानीच्या नक्षीआधी मोकळी जमीन आणि पाटाची वाट बघा. आणि फेब्रुवारी २०२४ पासून आम्ही परदेशी पाहुणे पर्यटक शुल्क म्हणून जे दीड लाख रुपिया भरतो, त्यातला ठरावीक वाटा थेट सुबाकच्या हाती द्या, पाट दुरुस्तीसाठी. हिशोब दरवर्षी जाहीर करा. त्यासाठी रक्कम वाढवलीत तरी आम्ही आनंदाने भरू.

आपली नम्र,
पुण्यातील एक वास्तुरचनाकार